तापाला लावलेला कौल

तुम्ही आजारी पडलात तेव्हा लोकांनी तुम्हाला आधी काय विचारलं? ‘काय होतंय?’ की ‘काय केलंस?’

मला पहिला प्रश्न फक्त डॉक्टरांनी विचारला. बाकीच्यांनी दुसरा. म्हणून हे लिहिते आहे.

डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीच्या उजेडाला धरला होता. उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात कापूस पिंजून ठेवल्यासारखा पांढरा डाग होता. “टीबी आहे,” त्या म्हणाल्या.

“कशामुळे?”

“जंतूमुळे.”

“ते कळलं. पण मलाच का?”

त्यांनी एक्स-रे पाकिटात सरकवला. “ते बघायचं मशीन आमच्याकडे नाही.”

मी गोव्यात हरमलला एका गेस्ट हाऊसच्या काउंटरवर काम करत होते. खोकला सुरू झाला तेव्हा एसीला दोष दिला, मग समुद्राच्या वाऱ्याला. संध्याकाळी अंग कसकसायचं, रात्री उशी घामाने भिजायची, कपडे सैल झाले. तरी मी डॉक्टरकडे गेले नाही. बेसिनमध्ये रक्ताचा ठिपका दिसला तेव्हा गेले. तुम्ही ठिपक्याची वाट बघू नका. दोन आठवड्यांवर खोकला राहिला की जा.

आधी स्पुटम टेस्ट करतात. स्पुटम म्हणजे बेडका. तो सकाळी उठल्याउठल्या छातीतून खोकून काढायचा, तोंडातली थुंकी चालत नाही. मी पहिल्यांदा थुंकी दिली आणि ती परत आली.

मग वॉर्ड. खिडक्या सताड उघड्या, प्रत्येकाच्या तोंडावर मास्क. नर्स समोर उभी राहून गोळ्या गिळायला लावायची. त्यातल्या रिफाम्पिसिन नावाच्या गोळीने लघवी केशरी होते, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी रक्त समजून किंचाळले. शेजारच्या खाटेवरची हरमलची म्हातारी इतकी हसली की तिला खोकल्याची उबळ आली. ती कॅथलिक होती. जपमाळ तिच्या मनगटाला गुंडाळलेली असायची, आणि सकाळच्या पावातला अर्धा ती चहात बुडवून माझ्यासाठी ठेवायची. मला कोरडा घास गिळवत नव्हता हे तिने बघितलं होतं.

प्रत्येक खाटेजवळ एक प्लास्टिकची खुर्ची होती. भेटीच्या वेळेला माझी खुर्ची रोज दुसऱ्या कोणाच्या खाटेकडे जायची. “ही घेऊ?” असं लोक विचारायचे. मी मान हलवायचे. कोणासाठी नको म्हणणार?

खरं तर माझ्याकडे माणसांची कमी नव्हती. माझे बाबा सावंतवाडीकडून सुर्ल्याला आले, खनिजाचा ट्रक चालवायला. दारू खूप प्यायचे, आईला रडवायचे. एके दिवशी डिचोलीच्या बाजारात कोणीतरी त्यांच्या हातात येशूबद्दलचं एक पत्रक ठेवलं, आणि त्यांचं आयुष्य बदललं. हे मी श्रद्धेने सांगते आणि डोळ्यांनी बघितलेलं म्हणूनही सांगते. तेव्हापासून बाबांच्या स्कूटरच्या डिकीत पत्रकं असतात. मी त्यांच्या घड्या घालत वाचायला शिकले, आणि पुढे ती लिहायला लागले. पाप म्हणजे काय, तारण म्हणजे काय, हे मी झोपेतही सांगू शकत होते. पाप म्हणजे देवाकडे पाठ फिरवणं. तारण म्हणजे त्याने स्वतः येऊन आपल्याला वळवणं, आपल्या लायकीमुळे नव्हे, त्याच्या प्रेमामुळे. हे मी ठळक अक्षरांत छापलं होतं.

आमची मंडळी, म्हणजे रविवारी डिचोलीला एका खोलीत प्रार्थनेला जमणारी माणसं, मला घरच्यासारखी होती. मी वॉर्डात असताना त्यांच्या ग्रुपवर माझ्यासाठी जोडलेल्या हातांची चित्रं आली. मग कमी आली. मग आलीच नाहीत.

बाबा रोज डबा आणायचे आणि वॉर्डच्या दारात नर्सकडे देऊन जायचे. आत येत नसत. मी समजले, त्यांना संसर्गाची भीती वाटते.

घरी सोडलं तेव्हा मला मागच्या खोलीत ठेवलं. जनेल, म्हणजे खिडकी, उघडं ठेवायचं, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. त्यातून ट्रकांची लाल धूळ यायची, ती मी पुसत बसायचे. गोळ्या चालू होत्या, पण संध्याकाळचा बारीक ताप जात नव्हता. “काहींचा वेळ घेतो,” डॉक्टर म्हणाल्या होत्या. मंडळीला मात्र तो वेळ सहन होईना.

आमचे वडीलधारे, ज्यांना आम्ही सगळे भाऊ म्हणतो, दोघांना घेऊन आले. तिघेही दाराबाहेर उभे राहिले. भाऊ वाईट माणूस नाहीत. त्यांच्या डोळ्यांत खरोखर पाणी होतं.

“बहिणी, काहीतरी कबूल करायचं राहिलंय तुझं,” ते म्हणाले. “मनात शोध. आणि रविवारपर्यंत गोळ्या बाजूला ठेव. देवाला काम करू दे. ताप उतरला तर क्षमा झाली असं समजू.”

“आणि नाही उतरला तर?”

“तर अजून काहीतरी लपलंय.”

मी गोळ्या बाजूला ठेवल्या.

वाचकहो, मी अडाणी नव्हते. आठवडे न् आठवडे ज्याच्याशी कोणी बोललेलं नसतं, तो माणूस बोलणाऱ्याचं ऐकतो. इतकंच ते होतं.

दोन संध्याकाळी ताप आला नाही. ग्रुपवर स्तुतीचा पाऊस पडला. फोन ठेवून मी रडले, आणि त्या गोळीमुळे अश्रूही अजून किंचित केशरी होते. मग ताप आला, पूर्वीपेक्षा जास्त, आणि खोकलाही. ग्रुप गप्प झाला. मी एकटी पडून लहानपणापासूनची पापं उकरू लागले. सापडली. भरपूर सापडली. राग, गर्व, खोटं बोलणं, कोणाचं वाईट चिंतणं. एकेक कबूल केलं. एकाही कबुलीने थर्मामीटर खाली येईना. मग मी न केलेलीही पापं शोधायला लागले. इथवर माणूस पोचतो.

तेव्हा कारापूरहून आते आली. आते म्हणजे बाबांची बहीण. ती पक्की देवळात जाणारी. तोंडाला पदर बांधून ती जनेलापाशी उभी राहिली, आणि ‘कशी आहेस’ न विचारता म्हणाली, “पाकळ्यांर तू लिवलंस तो कागद शेजारणीन माका वाचून दाखवल्यान हां!”

आमच्या भागात अडचण आली की देवाला कौल लावतात. मूर्तीच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवतात आणि गाऱ्हाणं घालतात. उजवीकडची आधी पडली की होय, डावीकडची पडली की नाही, असा साधारण हिशेब. त्याविरुद्ध मी एक जळजळीत पत्रक लिहिलं होतं. पाकळी पाणी सुकल्यामुळे पडते, देवामुळे नाही, वगैरे.

“मग रागावलीस ना, आते?”

“रागावलंय तर! तरी तुझ्या नावान कौल लावलंय. देव माझो, भाची माझी. तुझ्या कागदाक कोण इचारता?” तिने पदर नीट केला. “उजवो पडलो. चेडू बरा होतला म्हणान सांगल्यान देवान. पण आधी डावो पडलेलो. घराण्यात कायतरी दोष आसा.”

“आधी डावा, मग उजवा?”

“मगे? परत लावलो. डावो घेवन घराक येतलंय काय मी?”

मी हसले. हसताना छातीत कळ आली. आणि तशीच मध्येच थांबले.

गोळ्या बाजूला ठेवून संध्याकाळची वाट बघणं, हे दुसरं काय होतं? ताप उतरला तर देव राजी, चढला तर नाराज. थर्मामीटर ही माझी पाकळी होती! पत्रकांत देवळातल्या कौलाची टर उडवून आम्ही बंद दाराआड माझ्या फुप्फुसावर कौल लावला होता. आते निदान भाचीसाठी परत विचारायला गेली. आम्ही डावा घेऊन घरी आलो होतो.

येशूला शिष्यांनी असंच विचारलं होतं. जन्मापासून आंधळा असलेला माणूस समोर बसलाय आणि ते विचारतात, पाप कोणाचं, याचं की आईबापांचं? त्याने दोन्ही नाकारलं. आणि मग तो त्या माणसाजवळ गेला, त्याला हात लावला. ही गोष्ट मी कितीदा सांगितली असेन! सांगताना माझं सगळं लक्ष त्याचे डोळे उघडण्याकडे असायचं. रस्त्याच्या कडेला, आपल्याच पापाची चर्चा ऐकत बसलेला तो माणूस मला कधी दिसलाच नव्हता.

आते जायला वळली आणि म्हणाली, “तुझो बापूस थय फणसाखाली काय करता? तीन खेपे हाक मारलंय.”

जनेलातून बघितलं. बाबा स्कूटरला टेकून बसले होते. मी हाक मारली. ते आले, जनेलापासून लांब थांबले.

“बाबा, मास्क लावून आत या ना. इतके दिवस झाले.”

“खयच्या तोंडान येव?” ते म्हणाले. “ह्या सगळा माझ्यामुळा झाला, बाय. दारूत किती वर्सां घालवलंय. तुझ्या आवशीक रडवलंय. देवान तुझ्या अंगातून तां काढल्यान.”

तेव्हा कळलं. संसर्गाची भीती नव्हतीच. वॉर्डच्या दाराशी डबा देऊन वळणारा माणूस मुलीचा आजार आपलीच शिक्षा समजून पाठीवर वाहत होता.

मला राग आला. आयुष्यात इतका खरा राग कधी आला नव्हता.

“तुम्ही गावोगाव काय वाटता, बाबा? क्षमा झाली म्हणजे झाली, असंच ना? मग देवाने दिलेली क्षमा परत घेतली काय? आणि घेतली तर तुमच्याकडून घ्यायची सोडून माझ्या छातीतून? असला देव असेल तर ती सगळी पत्रकं काढा डिकीतून आणि चुलीत घाला!”

त्यांनी खिशातून किल्ली काढली. मग म्हणाले, “स्कूटर काढतंय. डॉक्टराकडे जावया.”

डॉक्टरांनी मला चांगलंच झापलं. “पाप-पुण्य मला कळत नाही. पण गोळ्या मध्येच सोडल्या की जंतू त्यांना दाद देईनासे होतात. याला ड्रग रेझिस्टन्स म्हणतात, म्हणजे मग या गोळ्या चालत नाहीत, वर्षभर जड औषधं घ्यावी लागू शकतात. तुझं नशीब की दिवस थोडेच गेलेत. देव मानतेस ना? मग त्याचे आभार मान आणि ही आत्ता माझ्यासमोर गीळ.”

गिळली.

त्या दुपारी मागच्या खोलीत मी देवाला काहीच विचारलं नाही. निकाल मागितला नाही. कोपऱ्यातली खुर्ची खाटेजवळ ओढली आणि फक्त म्हणाले, “बस.” कोणताही आवाज आला नाही. ताप त्या संध्याकाळीही आला. पण पहिल्यांदाच तो मला देवाचा निरोप वाटला नाही. ताप वाटला. थोड्या वेळाने बाबा मास्क लावून आले आणि त्याच खुर्चीवर बसले.

कोर्स पूर्ण झाला. शेवटची स्पुटम टेस्ट निगेटिव्ह आली, म्हणजे बेडक्यात जंतू सापडले नाहीत. भाऊंनी मला रविवारी साक्ष द्यायला, म्हणजे देवाने काय केलं ते सगळ्यांसमोर सांगायला, उभं केलं. पाप दूर झालं म्हणून बरी झाले, एवढं एक वाक्य त्यांना हवं होतं. ते म्हटलं असतं तर माझी सगळी माणसं मला परत मिळाली असती. मला हवीही होती.

पण हरमलची ती म्हातारी वारली होती. गोळी तिने एकही चुकवली नव्हती. वॉर्डात मी तिला एकदा विचारलं होतं, हा आजार पापामुळे येतो का. ती म्हणाली होती, “बाय, पातकां सगळ्यांक आसात. टीबी सगळ्यांक जायना.” म्हणजे, टीबी सगळ्यांना होत नाही.

मी उभी राहिले आणि म्हणाले, “जंतू मेले म्हणून मी बरी झाले. पापांची क्षमा त्याच्या फार आधी झाली होती, आणि मी मेले असते तरी ती झालेलीच असती. माझ्यासाठी पाव भिजवून ठेवणारी बाई गेली आणि मी राहिले. तिचं पाप मोठं होतं, असं म्हणायची कोणाची हिंमत आहे?”

कोणी आमेन म्हटलं नाही. मी बसले तेव्हा दोन्ही बाजूंच्या जागा रिकाम्या होत्या. पुरुषांच्या बाजूने बाबा उठले, सगळ्यांदेखत चालत आले आणि माझ्या शेजारी बसले. अजून रविवारी आम्ही दोघे तसेच बसतो. बाकीचे थोडे अंतर ठेवून. आहे हे असं आहे.

तुम्हाला एकच मागणं आहे. तुमच्या मंडळीत, वाड्यावर, नात्यात आज कोणीतरी आजारी असेल. जोडलेले हात फोनवर पाठवून थांबू नका. मास्क लावा आणि जा. त्याने गोळ्या बाजूला ठेवल्या असतील तर त्याला स्कूटरवर बसवून डॉक्टरकडे न्या. त्याने काय केलं ते विचारू नका. खुर्ची जवळ ओढा, आणि जेवलास का, एवढंच विचारा.