सूर्याला पाणी, आभाळाला दूध

माझा स्वभाव रागीट नाही, हे मी लोकांना ओरडून सांगतो.

त्या सकाळी मात्र कोणीही भडकला असता. कंपनीने पुण्याहून जपानला पाठवलं तेव्हा शिवलेला माझा एकुलता एक काळा सूट टोकियोतल्या हिगाशी-कसाईच्या बाल्कनीत टांगला होता आणि त्यावर वरून पांढरे शिंतोडे! कबुतर म्हणावं, तर वास दुधाचा. दोन तासांत क्लायंटसमोर उभं राहायचं होतं.

तरातरा वरच्या मजल्यावर गेलो. मागोमाग बाबा. (निवृत्त इतिहास-शिक्षक. तीन महिन्यांसाठी आलेले. भांडण दिसलं की त्यांचे गुडघे दुखायचे थांबतात.) तिथल्या सारनाई-साननी ('सान' म्हणजे आपलं 'बाई') दार उघडलं, हातात दुधाची वाटी. माझं जपानी ऑफिसातलं, त्यामुळे भांडणही 'क्षमा मागून सांगतो' असंच सुरू झालं. त्याचा मला आणखी संताप आला.

त्या शांतपणे म्हणाल्या, आम्ही मंगोलियाचे. घरचं माणूस बाहेर निघालं की आभाळाला दूध शिंपडतो. आत्ताच नवरा कामावर गेला.

बाबांनी 'मंगोलिया' तेवढं पकडलं. "म्हणजे बाबराचं आजोळ! विचार तिला, भाच्याच्या पोरानातवंडांना आमचे गड कशाला हवे होते?"

मीही रागाच्या भरात हे अदबीच्या जपानीत विचारलं.

सारनाई-साननी वाटी खाली ठेवली. "गडांचं ठाऊक नाही. सातशे वर्षांपूर्वी आमचे लोक जहाजं घेऊन जपानवर आले, त्यांना वादळाने परत पाठवलं. आता आम्ही व्हिसा काढून आलोय, तर शेजारी परत पाठवायला निघालेत."

हे मराठीत सांगितल्यावर बाबा मोठ्याने हसले. मी नाही! खाली येऊन सरळ इमारतीच्या मॅनेजरला फोन लावला. तो म्हणाला, तळमजल्यावरच्या आजींचीही तक्रार आहे, वाळत घातलेली गादी रोज भिजते. जो कोणी असेल त्याला घर सोडावं लागेल. परदेशी माणसाला इथे घर मिळवताना किती जोडे झिजतात, हे मला पक्कं माहीत होतं. तरीही म्हटलं, बरं होईल.

संध्याकाळी मॅनेजरने सगळ्यांना खाली बोलावलं. आजींनी गादी उलगडली. तिच्यावर दुधाचा थेंब नव्हता. कुंकवाचे लाल ओघळ होते आणि त्यांना चिकटलेल्या अक्षता.

रोज सकाळी आमच्या बाल्कनीतून तांब्याने सूर्याला अर्घ्य कोण देतं, हे मला सांगायची गरज नव्हती. बाबा गादीकडे बघत हात जोडून उभे होते. आता घर आमचंच जाणार होतं.

"ही चूक आमच्या दोन्ही घरांची आहे," सारनाई-सान मॅनेजरला म्हणाल्या. "उद्यापासून आम्ही नदीवर जाऊ."

मी आजींपुढे इतका वाकलो, की बाबांनी विचारलं, "काय पडलं रे?"

गादी धुऊन द्यायच्या बोलीवर घर वाचलं. आता रोज सकाळी नदीकाठी बाबा सूर्याला पाणी देतात, सारनाई-सान आभाळाला दूध. वारा कुठून येतोय तेवढं बघायचं काम माझ्याकडे आहे. सूट पुन्हा ड्रायक्लीनिंगला टाकलाय.