गिरणीचा षड्ज

गुरुलिंगच्या गाण्याचं वाटोळं मी केलं. हे लिहून मोकळा होतो, कारण त्याच्या तोंडावर सांगायचं धाडस मला कधी झालं नाही.

सोलापूरच्या एका गिरणीत मागखात्यात आमचे माग शेजारी शेजारी होते. १९२१ साली होटगीचा हा विशीतला लिंगायताचा पोरगा माझ्या बाजूला आला, तो एकच ध्यास घेऊन: संगीत नाटकात गायचं. नाटक कंपनीतून थकून परतलेले धोंडीरामबुवा त्याला रविवारी, सुट्टीच्या दिवशी शिकवत. बुवांचा हुकूम होता, रोज पहाटे तंबोऱ्यावर षड्ज लावायचा. आता पहाटे आमचा भोंगा व्हायचा. तंबोरा बुवांच्या घरी, आणि गुरुलिंग चाळीत आई गुरम्माबरोबर एका खोलीत. रियाझ करायचा कधी नि कुठं?

तिथं मी शहाणपणा पाजळला. शेकडो माग दिवसभर एका सुरात घुमतात, म्हटलं, एवढा मोठा तंबोरा कुणाच्या बापाकडं नसेल. इथंच गा की. त्याला पटलं. दुसऱ्या दिवसापासून तो मागावरचा धावता धोटा सांभाळत, दहा-दहा तास त्या घुमण्यात आपला षड्ज मिसळू लागला.

मागखात्यात कानाशी ओरडलेलंही ऐकू येत नसे. आम्ही ओठांवरून बोलणं ओळखायचो. गुरुलिंगचं तोंड उघडायचं, डोळे मिटायचे, गळ्याच्या शिरा ताठ व्हायच्या, मग माझ्याकडं बघून तो ओठ हलवायचा, "सुरात हाय न्हवं?" मी मान डोलवायचो. सात वर्षं डोलवली. ऐकू काडीचं येत नव्हतं, पण मान डोलवायला आपलं काय जातंय, असं वाटायचं.

रविवारी बुवा कुरकुरायचे की लांब आलाप घेतला की हा खाली घसरतो. दिवसभर उभा राहून दमत असेल, असं म्हणून पुन्हा शिकवायचे.

१९२८ साली एक नाटक कंपनी गावात मुक्कामाला आली आणि तिचा एक गाणारा नट आजारी पडला. बुवांनी शब्द टाकला. कंपनीचे मालक म्हणाले, एका खेळात ऋषिकुमाराची दोन पदं गाऊ दे. जमलं तर पुढच्या गावी बरोबर नेऊ, नाहीतर राम राम. गुरम्मानं सिद्धेश्वराला नवस बोलला. आमचं अख्खं खातं पिटातल्या स्वस्त जागांवर जाऊन बसलं.

पहिलं पद छोटं होतं, ऑर्गनच्या आधारानं निभावलं. आम्ही शिट्ट्या घालून वन्समोर दिला. दुसऱ्या पदात त्यानं सवयीनं डोळे मिटले, लांब आलाप घेतला आणि सूर खाली सरकला. ऑर्गनवाल्यानं त्याला गाठायला एक पट्टी उतरून पाहिली, तर हा दोन पट्ट्यांच्या मधोमध. तिथं बोट ठेवायला जागाच नव्हती. लोक आधी हसले, मग ओरडायला लागले. डोळे मिटलेला गुरुलिंग गातच राहिला. गोंगाटात गायची त्याला सवय होती. शेवटी पडदा पाडावा लागला.

दुसऱ्या दिवशी धोंडीरामबुवा गिरणीच्या भिंतीशी येऊन कितीतरी वेळ कान देऊन उभे होते. जेवणाच्या सुट्टीत मी बाहेर पडलो तेव्हा म्हणाले, "महिपती, त्येचा षड्ज हितं हाय. सात वर्सं मुरलाय, आता न्हाय निघायचा." तो तिथं कुणी बसवला हे त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. त्याची अजून लाज वाटते.

पुढं वर्षभर बुवांनी त्याला रोज संध्याकाळी तंबोऱ्यासमोर बसवलं. डोळे उघडे असले की सूर लागायचा, मिटले की गिरणी सुरू. मग बुवा वारले. बोलपट आले, आणि ती कंपनीही मोडली. गुरुलिंग माझ्या शेजारीच राहिला. कामाला वाघ, तोंडानं मुका.

चौतीस साली एका दुपारी सहज मान वळवली, तर त्याचं तोंड उघडं, डोळे मिटलेले, गळ्याच्या शिरा ताठ. अख्ख्या जगात तेवढ्या एका जागी त्याचा सूर तंतोतंत लागत असणार, आणि तिथं तो कुणाला ऐकू येत नव्हता. गाऊन झाल्यावर त्यानं माझ्याकडं बघितलं. ओठ हलले, "सुरात हाय न्हवं?"

मी मान डोलवली.