एंटरच्या बटणाखालची अक्षता

माझे कान गेलेत, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचा घोळ समजेल. उजवा पार गेला, डाव्यात मशीन घातली तरी माणसाचं बोलणं पिठाच्या गिरणीतून आल्यासारखं येतं. त्यामुळं परदेशातल्या लेकीशी फोनवर बोलायचं म्हणजे नुसता आरडाओरडा. मोबाइलवर लिहावं तर बोटं जाड, एक दाबलं की तीन उमटतात. शेवटी तिनंच डोकं चालवलं आणि गेवराईच्या पत्त्यावर लॅपटॉप पाठवला. सोबत चिठ्ठी होती: बाबा, तुमचा जन्म तहसीलात टायपिंग करण्यात गेला, आता माझ्याशी टाइप करून बोला. आणि खाली एक रेघ मारून लिहिलेलं, बटणं हळू दाबा, हा टाइपरायटर नाही.

रोज संध्याकाळी साडेसातला पडद्यावर तिचं वाक्य यायचं, "बाबा, आहात का?" मी "आहे" लिहून एंटर दाबायचो. मग भाजी काय केली, गुडघा कसा आहे, तिकडं थंडी किती. पाच दिवस असे गेले. खरं सांगतो, बायको गेल्यापासून दोन वर्षांत या घरात एवढं बोलणं झालं नव्हतं.

सहाव्या दिवशी एंटर चिकटलं. दाबलं की वर येईना. मग त्याच्या शेजारची बटणं रुसली, आणि दुसऱ्या दिवशी उजवी बाजू सगळी मुकी झाली. बंद करून चालू केलं. उलटं धरून पाठीवर थोपटलं, जसं बाळाला ढेकर काढायला थोपटतात तसं. भाषा बदलून पाहिली, परत आणली. घोडं कुठं पेंड खातंय ते काही कळेना. मनात एकच बसलं की हे माझ्याच बोटांनी झालं. टाइपरायटरवर हाणायची सवय, लेकीनं बजावूनही गेली नाही, आणि आठवड्याच्या आत नवी वस्तू मोडून ठेवली.

साडेसात झाले. "बाबा, आहात का?" आलं. मी समोर बसलेलो, आणि "आहे" एवढंसुद्धा लिहिता येईना. खालच्या काळ्या पट्टीवर बोट फिरवून कसाबसा अंगठ्याचा एक शिक्का पाठवला. तिनं विचारलं, काय झालं? मी अंगठा पाठवला. बरं नाही का? अंगठा. आता बरं नाही का याला अंगठा पाठवणारा बाप म्हणजे कमालच. मग मोबाइल थरथरला. मी उचलून मोठ्यानं सांगितलं की मी धडधाकट आहे, फक्त मशीन बिघडली. सांगत राहिलो, सांगत राहिलो. ती ऐकत होती की फोन कधीच कटला होता, मला आजतागायत माहीत नाही.

शेजारी कुणाला बोलवावं तर एका बाजूच्या घराला कुलूप, पोरांच्या शिक्षणापायी सगळे संभाजीनगरला गेलेत. दुसऱ्या बाजूच्याशी नालीच्या पाण्यावरून माझं बोलणं बंद. चूक त्याची होती, पण शिव्या माझ्या जास्त होत्या. कंपनीच्या मदतीच्या नंबरवर माणूसच बोलतो, लिहीत नाही. असे चार दिवस काढले. रोज साडेसातला मी मशीन उघडून बसायचो, तिचं वाचायचो आणि अंगठा पाठवायचो. चौथ्या दिवशी तिनं फक्त "बरं" लिहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळीच लॅपटॉप टॉवेलात गुंडाळला आणि बाजारात मिस्त्रीकडं गेलो.

हा मिस्त्री आमच्या कचेरीतले टाइपरायटर दुरुस्त करायचा. आता मोबाइल उघडतो, दाढी पांढरी झालीय, हात तेच आहेत. त्यानं चिमट्यानं एंटरचं बटण उचकटलं, भिंग लावून खाली पाहिलं, आणि मग कागदावर काहीतरी ठेवून कागद माझ्यापुढं सरकवला. लाल झालेला तांदळाचा एक दाणा होता. बाकीच्या बटणांखाली कुंकवाचा वाळलेला चिखल.

डोक्यात लख्ख उजेड पडला. तहसीलात दर दसऱ्याला टाइपरायटरची पूजा व्हायची. हळद, कुंकू, अक्षता, नारळ फोडून वरून पाण्याचा शिपका. लोखंडी मशीन ती, दुसऱ्या दिवशी फडक्यानं पुसली की परत धडधड सुरू. लॅपटॉप आला त्या दिवशी मीही तेच केलं, आणि झाकण उघडून केलं, कारण पूजा बटणांची करायची असते. पाव किलो पेढेही आणलेले. घरातल्या नव्या वस्तूची पूजा आजवर बायको करायची. या वेळी पहिल्यांदाच माझ्यावर आली, म्हणून सढळ हातानं केली. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय.

मिस्त्री माझ्या डाव्या कानाशी वाकला आणि सावकाश म्हणाला, "भाऊसाहेब, वहिनी असत्या तर झाकणावर एक बोट कुंकू लावून मोकळ्या झाल्या असत्या. तुमी लई केलं."

मला रागच आला. मग रडू आलं. त्यानं तिकडं न बघता स्पिरिटचा बोळा फिरवायला घेतला. दुपारपर्यंत एकेक बटण पुसून, वाळवून बसवलं.

त्या संध्याकाळी सात वाजल्यापासूनच बसलो. साडेसात झाले, काही आलं नाही. पावणेआठ झाले. तिनं आता विचारायचंच सोडलं असेल, असं वाटलं. शेवटी मीच लिहिलं, "आहेस का?"

लगेच उत्तर आलं. आधी रागावली, मग मी पूजेचं सगळं खरं सांगितलं तेव्हा हसणारे चेहरे पाठवले ओळभर. आणि मग विचारलं, "पूजा केली म्हणजे पेढे आणलेच असतील. कुणाकुणाला वाटले?"

मी लिहिलं, "सगळ्या आळीला." एंटरवर बोट नेलं आणि थांबलो. मग एकेक अक्षर पुसलं. मिस्त्रीनं बटणं चांगली बसवली होती, पुसायचंही काम झटक्यात झालं.

पुन्हा लिहिलं, "एक देवाला, एक तुझ्या आईच्या फोटोपुढं. बाकी फ्रिजमध्ये आहेत. रोज तुझ्याशी बोलून झालं की एक खातो. गेले चार दिवस खाल्ला नाही."

आणि एंटर दाबलं, हळू.