भोंग्यातून गेलेलं नाव

आजकाल कुणी गायक स्टेजवर डोळे पुसायला लागला की टीव्हीवाले तेच तेच दहादा दाखवतात आणि माझी नात म्हणते, "आजी, बघ ना, किती मनापासून बोलतोय!" बोलत असेलही, मी कशाला नाही म्हणू? पण सगळ्यांसमोर मनातलं बोलणं काय असतं आणि त्यावर लोक काय करतात, हे मी एकदाच पाहिलंय. नेवासे तालुक्यातल्या आमच्या गावात, दुष्काळाच्या साली, दोन बैलगाड्या जोडून केलेल्या स्टेजवर. तेव्हा मी चौदा-पंधरा वर्षांची होते.

तो गायन पार्टीचा गायक. एका अंगाला ढोलकी, दुसऱ्या अंगाला बाजाची पेटी आणि बेंजो, मागं कोरसवाले आणि मधे हा. काळासावळा, मानेवर रुळणारे केस, गळ्यात लाल रुमाल आणि डोळ्यांवर काळा गॉगल. दिवस मावळला तरी तो गॉगल काही काढायचा नाही. सोनईपासून बेलापूरपर्यंत आमच्या बौद्ध वस्त्यांत लग्न असो की बारसं, भोंग्यावर त्याचीच रेकॉर्ड. वस्तीतल्या यच्चयावत पोरांनी गळ्यात लाल रुमाल बांधले होते. एकानं तर त्या रुमालासाठी आईचं नवं लुगडं फाडलं आणि असा मार खाल्ला की विचारू नका! का वेडे होते सगळे? कारण त्याच्या गाण्यात रड नव्हती. ताठ मानेचं गाणं. दिवसभर वाकून खडी फोडणारा माणूससुद्धा ते ऐकलं की कंबर सरळ करून उभा राहायचा.

माझे वडील त्यातलेच एक. आम्ही त्यांना बा म्हणायचो. बा आणि आई दोघंही दुष्काळी कामावर, तलावाच्या बांधावर जायचे. बाचा आवाज मोठा, शब्दाला वस्तीत मान, आणि राग नाकाच्या शेंड्यावर. माझा रागही त्यांच्याकडूनच आलाय, असं माझी सासू मरेपर्यंत म्हणत होती.

त्या हिवाळ्यात माझा धाकटा भाऊ गोवरानं गेला. वर्षाचासुद्धा झाला नव्हता. बानं त्याला स्वतःच्या उपरण्यात गुंडाळलं, दोन्ही हातांवर घेतलं आणि ओढ्याकडं नेलं. परत आले, पाय धुतले, तांब्याभर पाणी प्यायले. दुसऱ्या दिवशी सकाळी हातोडा घेऊन कामावर. त्या दिवसापासून त्यांनी त्याचं नाव काढलं नाही. आईनं काढलं की भाकरी तशीच टाकून उठायचे. आमच्या घरी राहणारी आत्या, म्हणजे बाची थोरली बहीण, तीही आईलाच गप्प करायची. "गड्यानं काय रडत बसायचं का? तुलाच लई दुख झालंय जसं काई!"

आईला बाकी काही नको होतं. एकदा, फक्त एकदा, बानं तिच्यासमोर त्या लेकराचं नाव घ्यावं. कामावर खायला मिळालेली सुकडी चाळता चाळता ती मला म्हणाली होती, "माझ्या एकटीचंच हुतं का गं ते? ह्येंचा कुनीच नव्हता का त्यो?" त्या माणसाचा मला असा संताप यायचा! आपला बाप आहे की दगड, असं वाटायचं.

एप्रिल आला तशी जयंतीची बैठक बसली. प्यायला पाणी नाही आणि गाणं कसलं, असं दोघं-तिघं म्हणाले. बा म्हणाले, "दुष्काळ हाय म्हनूनच गानं पायजे. आन आनायचं तर त्यालाच. कमीजास्त झालं तर माझ्या अंगावर." संपला विषय. त्याच्यासमोर नाशिककडची एक नावाजलेली गायिका ठरली, म्हणजे सामना. सामन्यात एकानं गाण्यातून सवाल टाकायचा, दुसऱ्यानं गाण्यातूनच जवाब द्यायचा. जवाब आला नाही तर हार, आणि ती हार मग चार तालुक्यांत गाजायची.

आणखी एक रीत होती. गाणं आवडलं की माणूस उठून जायचा, पेटीवर बक्षीस ठेवायचा आणि गायकाच्या कानात नाव सांगायचा. गायकानं कितीही रंगात आलेलं गाणं तिथल्या तिथं थांबवून ते नाव माइकवर पुकारायचं. कसली हौस असायची लोकांना त्याची! भोंगा लिंबाच्या शेंड्याला बांधलेला, तिथून निघालेलं नाव पार मळ्यातल्या घरांपर्यंत ऐकू जायचं. आमची आत्या दर वर्षी न चुकता स्वतःचं नाव पुकारून घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी पाण्याच्या टँकरपाशी उभी राहून एकेकीला विचारायची, "ऐकलं का गं काल?"

सकाळी सगळ्यांना कामावर पोचायचं, म्हणून त्या वर्षी कार्यक्रम उन्हं कलल्यावरच सुरू केला. एका बाजूला बाया, एका बाजूला गडी. आसपासच्या गावांतून एवढी माणसं आली की ओढ्यापर्यंत बसायला जागा उरली नाही. तो गाडीवर चढला तेव्हा पोरांनी रुमाल उडवले. पहिली दोन गाणी त्यानं अशी म्हटली की माझ्या अंगावर काटा आला. बा पुढच्या रांगेत मांडी घालून, मान डोलवत बसलेले. चला, आज तरी घरातलं माणूस खुश आहे, असं मला वाटलं.

मग गायिकेनं सवाल टाकला. बापाच्या हातावर सगळ्यात हलकं आणि तरीही सगळ्यात जड असं ओझं कोणतं, असा काहीसा तो सवाल होता. असल्या सवालांचे जवाब ठरलेले असायचे. अज्ञान म्हणा, लाचारी म्हणा, काहीतरी जुळवायचं आणि वर दणका द्यायचा. ढोलकीवाल्यानं थाप टाकली, कोरसवाले सरसावले. हा मात्र गाईना. ढोलकी फिरून आली, पुन्हा फिरून आली. त्यानं हात वर करून ती थांबवली आणि डोळ्यांवरचा गॉगल काढला. त्याचे डोळे आम्ही पहिल्यांदाच बघत होतो. साधे, थकलेले डोळे होते हो, कुणाचेही असतात तसे.

"बाई, जवाब मला येतो," तो माइकवर म्हणाला. गाऊन नाही, बोलून. "पाठ हाय माझा. पन आज म्हनवत न्हाई. ते वझं मी उचललंय. दिवाळीच्या वक्ताला माझी ल्हानगी गेली. ह्या दोन हातांवर नेली मी तिला. काईच वजन नव्हतं तिला. आन त्याच दिशी सांजच्याला मी कार्यक्रमाला उभा ऱ्हायलो. लोकं वा वा करीत हुती. मला घरी बसून रडायचं हुतं. रडलो न्हाई, कारन मी रडलो तर लोकं काय म्हनतील, ह्येचीच भीती. तुमाला मी वाघ वाटतो. मी वाघ न्हाई. म्या लई भ्यालेला मानूस हाय."

आणि तो रडला. तोंड न लपवता, एवढ्या हजारभर माणसांसमोर.

लोक गार पडले. म्हणजे त्यांना कळेनाच हे काय चाललंय. काहींना वाटलं, सामन्यातलाच डाव आहे. मागून कुणीतरी शिट्टी मारली. आमची आत्या तर थेट उभीच राहिली. "अरं, गानं म्हनायला बोलावलंय का रडायला? रडायला आमच्या घरात काय कमी हाय?" गडी हसले. मग "गानं! गानं!" असा गलका सुरू झाला. ज्या पोरांनी रुमाल उडवले होते तीच ओरडत होती बरं का, आघाडीवर! जयंतीच्या बैठकीतल्या पंचांपैकी एक जण बाला म्हणाला, "तुमीच आनलाय न्हवं, आता निस्तरा."

त्या गायिकेचं मात्र मला आजही कौतुक वाटतं. तिनं एक कडवं म्हटलं असतं तर सामना तिच्या खिशात होता. तिनं आपला माइक हातात घेतला आणि म्हणाली, "माझा सवाल मी माघारी घेते." एवढं म्हणून डोक्यावरचा पदर सारखा करत खाली बसली. नावाजलेल्या माणसांत इतकं मोठं मन पुन्हा फारसं बघायला मिळालं नाही मला.

तेवढ्यात बा उठले. गलका थांबला. सगळ्यांना वाटलं, आता हा त्याला गाडीवरून खाली ओढतो. आईनं माझं मनगट असं आवळलं की बांगडी रुतली. "आता काय करत्यात गं ह्ये?" ती म्हणाली. बा गाडीपाशी गेले, खिशातलं जे काय होतं ते पेटीवर ठेवलं. गायकानं डोळे पुसले. रीत ती रीत, तो वाकला आणि त्यानं विचारलं, "कुनाच्या नावानं?"

बाला बोलता येईना. ओठ नुसते हलत होते. गायकानं कान आणखी जवळ नेला. मग काय त्याला समजलं कुणास ठाऊक, त्यानं माइकच काढून बाच्या तोंडापुढं धरला.

आणि बानं माझ्या भावाचं नाव घेतलं.

नुसतं नाव, मागंपुढं काही नाही. ते लिंबावरच्या भोंग्यातून निघालं आणि वस्तीवरून, ओढ्यावरून, जिथं त्याला ठेवलं होतं तिथवर गेलं. बा तिथंच गाडीच्या चाकाला धरून खाली बसले आणि लहान पोरासारखे हुंदके देऊन रडले. माझ्या शेजारी आई ताठ बसली होती. डोळ्यांतून धारा लागलेल्या, पण तोंडावर असं काही होतं की मला ती एकदम तरुण दिसली.

मग एक म्हातारा उठला. त्याच्यामागं एक बाई. तिनं पेटीवर काहीच ठेवलं नाही, तिच्याकडं नव्हतंच काही, आणि कुणी मागितलंही नाही. त्या सालात आणि मागच्या सालात ज्यांची ज्यांची लेकरं गेली होती ती माणसं उठून गेली. गायकानं एकेक नाव पुकारलं, नावामागं ढोलकीची एक थाप. कुणी मुलाचं नाव सांगितलं, कुणी "नावच ठेवलं नव्हतं वो" म्हणालं, तर तोही तेवढंच माइकवर म्हणाला. हसणारे गडी मान खाली घालून बसले होते. आणि सगळ्यात शेवटी आमची आत्या, पदर तोंडात कोंबून, धक्के खात गाडीपाशी पोचली. तिचंही एक गेलं होतं, माझ्या जन्माच्या कितीतरी आधी. आम्हाला घरात कुणालाच माहीत नव्हतं. स्वतःच्या नावाऐवजी तिनं त्याचं नाव पुकारून घेतलं.

सामना तसाच राहिला. कोण जिंकलं, कोण हरलं, कुणी विचारलंसुद्धा नाही.

पुढं लोक म्हणाले, संपला आता हा, रडका गायक कोण ऐकणार? कसला संपतोय! पुढच्या सालापासून त्याला दुप्पट आमंत्रणं. ताठ मानेची गाणी तो म्हणायचाच, आणि पहिल्यापेक्षा जोरात म्हणायचा, पण मधे एकदा गॉगल काढून पेटीवर ठेवायचा. तेवढं झालं की माणसं आपण होऊन उठायची. त्याच्या त्या लाल रुमालाचं, केसांचं कौतुक मागं पडलं. आमच्या गावातले गडी त्याच्याबद्दल बोलताना आवाज खाली आणायचे, घरच्या माणसाबद्दल बोलावं तसे. मी तर म्हणते, वाघासारखं गाणारे पुष्कळ झाले. भीती वाटते म्हणून सांगायला त्याच्याएवढी छाती दुसऱ्या कुणाची मी पाहिली नाही.

त्या संध्याकाळी आम्ही घरी निघालो तेव्हा अजून थोडा उजेड होता. आत्या पुढं, नाक ओढत. मी मधे. मागून बा आणि आई. एरवी बा दहा पावलं पुढं चालायचे, त्या दिवशी आईच्या बरोबरीनं चालत होते. मग मागून बाचा आवाज आला, इतका हळू की मला वाटलं दुसरंच कुणीतरी बोलतंय.

"दात आलं हुतं का गं त्याला?"

"एक आला हुता," आई म्हणाली. "खालचा. तुमच्या बोटाला चावला हुता की."