मागच्या सीटवरची माणसं

कुणी मोठा माणूस गेल्याची बातमी बसमध्ये आली की मामा डाव्या हाताने गाण्यांचा आवाज कमी करत, वरच्या आरशातून एकदा मागे पाहत आणि म्हणत, "बसलते आपल्या गाडीत."

एवढंच. मग पुढचा सिग्नल येईपर्यंत गप्प.

आमच्या कंपनीची बस सांगवीहून निघते आणि पिंपळे सौदागर, नाशिक फाटा, भोसरी, मोशी करत चाकणला पोचते. मामा तिचे ड्रायव्हर. मूळचे लातूरकडचे. सकाळच्या शिफ्टला निम्मी बस झोपलेली असते आणि उरलेली मोबाईलमध्ये, त्यामुळे नट, गायक, मंत्री, कुणीही गेलं तरी आम्हाला आधी कळायचं ते बसमध्येच. कुणीतरी म्हणायचं, "अरे, हे गेले राव." मग हाराचे, पणत्यांचे स्टेटस टाकायची घाई सुरू व्हायची आणि पुढून मामांचं ते वाक्य यायचं.

तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल, ज्याला गेलेला प्रत्येक मोठा माणूस जिवंतपणी भेटलेला असतो. आपण त्याचं ऐकून घेतो आणि शेजारच्याकडे बघून डोळा मारतो. आम्हीही तेच करायचो. माझी तर नोकरीच संशयाची. मी क्वालिटी विभागात आहे. समोर आलेला प्रत्येक पार्ट खराब आहे असं धरून चालायचं आणि तो चांगला निघाला तर पुढे सोडायचा. ही सवय घरी येताना गेटवर काढून ठेवता येत नाही.

कंपनीच्या बसवर येण्याआधी मामा चिंचवडमधल्या एका ट्रॅव्हल्सवाल्याकडे गाडी चालवायचे. कार्यक्रमाला येणाऱ्या पाहुण्यांना विमानतळावरून आणायचं, नाट्यगृहावर सोडायचं, हॉटेलवर न्यायचं. म्हणजे शक्यता होती. पण शक्यता आणि पुरावा यांत फरक असतो.

"फोटो आहे का एखादा?" मी एकदा विचारलं.

"गिऱ्हाइकासंगं फोटो काढायचा न्हाई. मालकाचा नियम होता."

सोयीचा नियम, मी मनात म्हटलं.

मामांच्या गोष्टीही विचित्र असत. एक जुनी नटी गेली तेव्हा सगळीकडे तिच्या हसण्याबद्दल लिहून येत होतं. मामा म्हणाले, "आमच्या गाडीत न्हाई हसल्या. पाय सुजलते त्यांचे. चपला काढून गप बसून राहिल्या." एक गायक गेला, बसमधल्या प्रत्येक मोबाईलवर त्याचं गाणं लागलं. मामा म्हणाले, "रेडिओवर ह्योच लागला होता त्या दिवशी. मला म्हणले, बंद करा, डोकं दुखायलंय." एक मंत्री तर म्हणे कार्यक्रमाच्या दारात गाडी थांबली तरी झोपलेलेच होते. बाहेर हार घेऊन माणसं उभी, आणि मामांनी काच खाली करून त्यांना सांगितलं, थांबा जरा, झोपू द्या.

खोटं बोलणारा माणूस स्वतःला थोडं तरी मोठं करतो. मामांच्या गोष्टींत कुणी त्यांच्या पाठीवर हात ठेवत नव्हतं, कुणी त्यांचं नाव विचारत नव्हतं. म्हणून मला त्या खऱ्या वाटायच्या. आणि लगेच वाटायचं, हा तर जास्तच मुरलेला दिसतोय.

स्टोअरमधला सतीश माझ्याच शेजारी बसायचा. त्याने एकदा सापळा लावला. नसलेल्या एका संगीतकाराचं नाव तयार केलं आणि मोठ्याने म्हणाला, "काय मोठा माणूस गेला हो आज."

मामांनी आवाज कमी केला. आरशात पाहिलं. बराच वेळ आठवून म्हणाले, "न्हाई. हे न्हाई बसले कधी."

"हुशार आहे," सतीश माझ्या कानात म्हणाला. "सापळा ओळखला."

आता यावर कुणी काय करावं? होय म्हणाले असते तर खोटे ठरले असते, नाही म्हणाले तर हुशार ठरले.

सतीशचा मामांवर राग होता, त्याला निराळं कारण होतं. काही वर्षांपूर्वी आमच्या कंपनीत पगाराचा करार अडला होता. आमचे कामगार नेते म्हणजे आप्पा. चाकणपासून पिंपरीपर्यंत ज्यांचं नाव घेतलं की मॅनेजर खुर्चीत सरळ बसायचे, असे. आम्ही गेटवर बसलो होतो. माघार नाही, असं आप्पा रोज माईकवरून सांगत होते. आणि एके दिवशी अचानक सही झाली. कायम कामगारांना वाढ मिळाली, पण कंत्राटावरची पोरं त्याच आठवड्यात कमी केली गेली. त्यांत सतीशचा धाकटा भाऊ होता. लग्न ठरलेलं होतं त्याचं. ते मोडलं. तो गावी संगमनेरला गेला, पुढे तिकडेच दुसऱ्या मुलीशी लग्न झालं, पण इकडे परत आला नाही.

सहीच्या आदल्या दुपारी सतीशने आप्पांना गेटच्या पुढच्या टपरीजवळून एका पांढऱ्या भाड्याच्या गाडीत बसताना पाहिलं होतं. आप्पांची जीप तिथेच उभी होती आणि तरी ते दुसऱ्या गाडीतून पुण्याकडे गेले. त्या गाडीचा ड्रायव्हर पुढे वर्षभराने आमच्या बसवर लागला. ते मामा.

"कसा काय लागला?" सतीश विचारायचा. "आमचा भाऊ सुटला आणि हा चिकटला."

मामा म्हणायचे, ट्रॅव्हल्सवाल्याने गाड्या विकल्या, मी काम शोधत होतो. तेही खरं असू शकत होतं.

आप्पा गेल्या वर्षी आजारपणात गेले. मोशीपासून प्रत्येक चौकात त्यांचे फ्लेक्स लागले. ज्यांनी त्यांना शिव्या घातल्या होत्या त्यांचेही फोटो खाली रांगेत होते. त्या सकाळी बस निघाली तेव्हा सगळे मामांकडे बघत होते. मामांनी गाणी लावलीच नव्हती. आरशाकडेही पाहिलं नाही. चाकणपर्यंत एक शब्द नाही.

भोसरीच्या एका हॉलमध्ये शोकसभा झाली. आप्पांच्या पत्नी पुढच्या रांगेत, पदर दोन्ही हातांत धरून बसल्या होत्या. भाषणं झाली. मग सूत्रसंचालकाने विचारलं, आणखी कुणाला दोन शब्द बोलायचे आहेत का. सतीश उठला.

"मामांना बोलू द्या," तो म्हणाला. "सगळी मोठी माणसं त्यांच्या गाडीत बसली आहेत. आप्पाही बसले होते. करार झाला त्याच्या आदल्या दिवशी. कुठे नेलं होतं, तेवढं सांगा म्हणावं."

सगळ्यांच्या माना मागे वळल्या. मामा मागच्या भिंतीला टेकून उभे होते. माईक त्यांच्यापर्यंत गेला नाही, पण त्यांचा आवाज सगळ्यांना ऐकू आला.

"आप्पा माझ्या गाडीत कधीच बसले न्हाईत."

"मी डोळ्यांनी पाहिलंय," सतीश म्हणाला.

"दुसरी गाडी असंल. पांढऱ्या गाड्या लई असत्यात."

आणि ते दार उघडून बाहेर गेले.

त्यानंतर बसमधलं वातावरणच बदललं. जो कुणाबद्दलही हो म्हणायचा, तो ज्याला सतीशने गाडीत बसताना पाहिलं होतं त्याच्याबद्दल नाही म्हणाला होता. सतीशचा हिशोब सरळ होता: हे खोटं आहे, म्हणजे आप्पा विकले गेले हे खरं आहे. लोक चढता-उतरताना मामांशी बोलेनासे झाले. महिन्याभराने एक नामांकित नट गेला. बातमी मागून पुढपर्यंत पसरली. मामा गाडी चालवत राहिले.

मला ते सहन होईना. दया आली असं नाही. पार्टमध्ये चूक आहे हे कळतंय आणि ती कुठे आहे ते सापडत नाही, तसं झालं होतं. एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी पार्किंगमध्ये गेलो. मामा बसमध्ये पहिल्या सीटवर भाकरी खात बसले होते. मी समोर बसलो.

"मामा, बसले होते ना?"

त्यांनी शेंगदाण्याची चटणी माझ्यापुढे सरकवली.

"बसलते," ते म्हणाले.

"गाडी कुणी बोलावली होती?"

"त्यांनीच. जीप सगळे ओळखायचे त्यांची."

"कुठे नेलंत?"

"पुण्याला. तुमच्या मालकाच्या बंगल्यावर."

म्हणजे सतीश बरोबर होता.

"बघा," मामा म्हणाले, "इथंच थांबलात तुम्ही. तोंडावर दिसायलंय. हॉलमधी सांगितलं असतं तर समदे इथंच थांबले असते. पुढचं ऐकायला कोण बसलं असतं?"

"पुढचं काय?"

"आत गेले, लई वेळ न्हाई लागला. परत येताना दापोडीच्या पुलाआधी म्हणले, गाडी बाजूला घ्या. घेतली. मागं बसून रडले. तोंडावर रुमाल धरून. मग म्हणले, कंपनी उचलून दुसऱ्या राज्यात न्यायला निघालेत, कागद तयार हायेत. सही केली तर कायम कामगार तरी राहतील. पोरं जातील. त्या पोरांच्या घरात माझं नाव निघंल ते निघू दे."

"आणि तुम्हाला ते खरं वाटलं?"

मामांनी डबा बंद केला. "मला काय म्हाईत. मोठी माणसं डायवरसमोरबी नाटक करत्यात, लई बघितलेत. पण नाटक करणारा आरशात बघतो, डायवर बघायलाय का म्हणून. हे न्हाई बघितले." डबा पिशवीत ठेवत म्हणाले, "हात रिकामे होते त्यांचे. खिसे मी बघितले न्हाईत. बायको समोर बसलती त्यांची. अर्धं सांगून तिला घरी कसं पाठवू?"

"सतीशला तरी सांगा."

"त्यानं एकट्यानं इचारलं तर सांगीन. त्याच्या भावाचं गेलंय, त्याचा हक्क हाय."

मी सतीशला एवढंच म्हणालो की जाऊन विचार. तो माझ्यावरच उखडला. तुलाही फितवलं का म्हणाला. बरेच दिवस गेले. मग एका संध्याकाळी, शिफ्ट सुटल्यावर, सगळे चढायच्या आधीच तो बसमध्ये शिरला. मी खालून पाहत होतो. मामा स्टिअरिंगवर हात ठेवून बोलत होते, सतीश ड्रायव्हरमागच्या जाळीला धरून उभा होता.

मग तो माझ्या शेजारी येऊन बसला. मोशी आली.

"तुला खरं वाटतं?" त्याने विचारलं.

"माहीत नाही."

"मलाही नाही." मग म्हणाला, "भावाला सांगितलं पाहिजे."

दुसऱ्या दिवशी त्याने सांगितलं की भावाला फोन केला होता. भावाने सगळं ऐकून घेतलं. शेवटी फक्त विचारलं, रडला का रे खरंच? सतीश म्हणाला, ड्रायव्हर सांगतो की रडला. भाऊ म्हणाला, बरं. आणि लग्नानंतर पहिल्यांदाच, बायको-पोरीला घेऊन सांगवीला येतो म्हणाला.

आप्पांबद्दल माझं मत अजून ठरलेलं नाही. मामांवरही माझा पूर्ण विश्वास बसला, असं म्हणता येणार नाही. रडणारा माणूस खरा असतो, हे मी मान्य करत नाही. पण अर्धं सत्य सांगून टाळ्या घ्यायची संधी मामांना भर हॉलमध्ये मिळाली होती, ती त्यांनी घेतली नाही आणि वर खोटारडेपणा अंगावर घेतला. याचा दुसरा काही अर्थ मी बरेच दिवस शोधला. सापडला नाही.

यंदा मामांच्या डोळ्यांनी दगा दिला. तपासणीत नापास झाले आणि बस सोडावी लागली. गावी मुलीकडे जायचं ठरलं. शेवटच्या दिवशी, परतीच्या फेरीला, नवा ड्रायव्हर स्टिअरिंगवर होता आणि मामा त्याच्या बाजूला बसून वळणं दाखवत होते. भोसरीनंतर त्यांनी दाखवणं थांबवलं आणि पिशव्या गोळा केल्या. लातूरची गाडी नाशिक फाट्यावरून मिळते.

फाट्यावर बस थांबली. मामा उतरले. कुणी काही बोलायच्या आत सतीश उठला, मोठी पिशवी उचलली आणि त्यांच्यामागे उतरला. त्याचा स्टॉप अजून पुढे होता.

दार लागलं, बस निघाली. मी मागच्या काचेतून पाहिलं. दोघे रस्ता ओलांडायला उभे होते. मामा मान वाकडी करून येणाऱ्या गाड्या निरखत होते, त्यांना त्या नीट दिसत नसाव्यात. सतीशने हात वर करून एक टेम्पो अडवला आणि मामांना पुढे घालून रस्ता ओलांडला.