साडेसहा किलोची पेटी

सत्तरचं दशक संपत आलं होतं. दौंडच्या एका लहानशा इलेक्ट्रॉनिक्स वर्कशॉपमध्ये मी डिप्लोमा करून लागले होते. तिथली एकटीच बाई. जमीनमोजणीचा हिशेब शेतातच करून देईल असं, सोबत नेता येणारं यंत्र आम्ही बनवत होतो. लॅपटॉप हा शब्द तेव्हा कुणी ऐकलाही नव्हता.

भांडण वजनावरून झालं. मालकांना यंत्र छोट्या सेलवर चालणारं, ब्रीफकेसएवढं हवं होतं, त्यावर लाल दिव्यांचे बारा आकडे, सतत पेटलेले. मी सांगत होते, हे दिवे बॅटरी खातात. आठच आकडे ठेवू, बटण दाबलं की पेटतील, आणि आत स्कूटरची बॅटरी बसवू. मोजणी दिवसभर चालते.

"साडेसहा किलो! कोण उचलणार?"

"मी उचलते."

"बाई, हट्ट नको. छोट्या सेलवर चाचणी पास झाली असं लिहा आणि सही करा."

"पास झालेली नाही, साहेब. सही करणार नाही."

दुसऱ्याच दिवशी मला सुट्या भागांच्या कपाटापाशी बसवलं.

रविवारी मी रजिस्टरात नोंद करून नमुन्याच्या दोन्ही पेट्या, मालकांची छोटी आणि माझी जड, उचलल्या आणि शिरूरची एसटी धरली. तिथून कवठे येमाईला. तिथे एक जुने मोजणीदार होते, सगळे त्यांना आप्पा म्हणत. त्यांच्या शेतापर्यंत पोचेतो पट्ट्यानं खांदा सोलून निघाला.

दोन्ही यंत्रं शेजारी ठेवून आम्ही मोजणी सुरू केली. अकराच्या आत छोट्या पेटीचे आकडे विझले.

"ह्यो डबा तर मेला की," आप्पा म्हणाले.

जड पेटी संध्याकाळपर्यंत चालली. पण तिचेही आकडे उन्हात दिसेनात. आप्पा टोपी काढून वर धरायचे. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

"वजनाचं काय, आप्पा?"

"आवं, आमी मोजनीची लोखंडी साखळी वागवतो. जड हाय, पन मधीच दगा देत न्हाई. उनाचं तेवढं बघा."

परत आल्यावर मी आकड्यांवर सावलीसाठी पत्र्याची झडप बसवली. त्या दिवसाच्या चाचणीचा, आप्पांनी लिहून दिलेला कागद मालकांच्या टेबलावर ठेवला.

"परवानगी कुणाची होती?"

"कुणाचीच नाही."

शेवटी जड पेटीच बाजारात गेली, झडपेसकट. पुण्यात ती मालकांचं डिझाइन म्हणून दाखवली. मला कपाटापासून कुणी परत बोलावलं नाही, तेव्हा मी नोकरी सोडायची नोटीस दिली.

घरी आई म्हणाली, "लई आगाऊ हायेस." आणि माझं ताट वाढायला घेतलं.