रिचार्ज होऊन आलो

सुट्टीवरून परतलेला माणूस हल्ली ‘मस्त रिचार्ज होऊन आलो’ म्हणतो. पूर्वी लोक नुसतं ‘बरं वाटलं’ म्हणायचे. मला त्या नव्या शब्दाचा राग येतो. जणू माणूसही कुठंतरी जोडून ठेवला की काठोकाठ भरतो.

दादाला डायलिसिसला नेतो, तिथंही तो शब्द भेटतोच. बाहेरच्या खोलीत एकच प्लग आहे. सोबतची आम्ही माणसं आळीपाळीनं त्यावर फोन चार्जिंगला लावतो. ज्याचा पेशंट आधी सुटणार, त्याचा फोन आधी. आत दादाचं रक्त नळीतून यंत्रात जातं आणि धुऊन परत येतं. सुया निघाल्या की सिस्टर म्हणते, "झालात रिचार्ज, काका!" दादा हसतो. तिचं मन त्याला मोडवत नाही.

वहिनीला मात्र एकदा म्हणाला होता, "भरत काही नाही गं. संपायचं तेवढं लांबतं."

आजही तो भिंत धरत बाहेर आला, आत गेला होता त्याहून थकलेला. बाकावर टेकला. मी त्याच्या पायात चपला सरकवल्या. दम खात त्यानं प्लगकडे बोट दाखवलं.

"तुझा भरला का रे पूर्ण?"

"भरला."

"बरं झालं," तो म्हणाला आणि उठण्यासाठी हात पुढे केला.